आधी कथील धुवा, डोंगर मग मागा

नाशिकच्या जुन्या गावात, भांडी बाजार आणि तांबट लेनच्या आसपास, कल्हई अजून पूर्ण संपलेली नाही. पातेलं भट्टीवर तापतं, नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो आणि कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा फिरवला की तांब्यावर चांदीसारखा पट्टा पसरत जातो. एका पातेल्याला समजा १० ग्रॅम कथील लागलं. निसर्गात कथलाच्या दहा जाती आहेत, वजनाने वेगळ्या, गुणाने एकच. त्यांतली सर्वांत जड कथील-१२४. तिचा वाटा ५.८ टक्के, म्हणजे या पातेल्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडी जास्त. तिचे अणू कधीतरी, फार क्वचित, टेल्युरियम-१२४ होऊन दोन इलेक्ट्रॉन बाहेर फेकतील, असं भौतिकशास्त्र सांगतं. प्रश्न एवढाच आहे, की त्या दोन इलेक्ट्रॉनांबरोबर आणखी काही बाहेर पडतं का. दर वेळी न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतभार नसलेले अतिशय हलके कण, पडत असतील तर न्यूट्रिनो हा इतर कणांसारखाच एक कण. कधीतरी काहीच पडत नसेल, तर न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण (उलट गुणांचा जोडीदार कण) आहे.

या शोधासाठी भारताने पैसा आणि जागा द्यावी का, हा आता सार्वजनिक प्रश्न झाला आहे आणि त्यावरची भांडणं न्यायालयापर्यंत गेली आहेत. आमचं मत आधीच सांगतो: द्यावी. पण आजवर ज्या क्रमाने मागितली त्या क्रमाने नाही. आपण आधी, तामिळनाडूत भूमिगत प्रयोगशाळेसाठी, डोंगर मागितला आणि त्यात ठेवायचा पदार्थ किती स्वच्छ आहे हे मोजायची व्यवस्था मागाहून बघू म्हटलं. खरं काम याच्या उलट दिशेने जातं, आणि त्या कामाचा पहिला टप्पा नाशिकसारख्या शहराच्या आवाक्यातला आहे.

थोडं भौतिकशास्त्र, जेवढं वादाला लागतं तेवढंच. साध्या बीटा क्षयात केंद्रकातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो निघतो. कथील-१२४ ला ही वाट बंद आहे, कारण शेजारचा अँटिमनी-१२४ त्याच्यापेक्षा जड आहे आणि चढावर आपोआप कुणी जात नाही. म्हणून दोन पायऱ्या एकदम, दोन न्यूट्रॉन एकाच वेळी. मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३५ मध्ये हा दुहेरी क्षय कागदावर मांडला. १९३७ मध्ये एत्तोरे मायोराना यांनी दाखवलं, की विद्युतभार नसलेला कण स्वतःचाच प्रतिकण असू शकतो. १९३९ मध्ये वेंडेल फरी यांनी दोन्ही जोडलं: तसं असेल तर एका न्यूट्रॉनकडून निघालेला न्यूट्रिनो दुसरा न्यूट्रॉन केंद्रकातच गिळेल आणि बाहेर फक्त दोन इलेक्ट्रॉन येतील, सगळी ऊर्जा घेऊन. न्यूट्रिनोसह होणारा दुहेरी क्षय प्रयोगशाळेत थेट दिसायलाच १९८७ उजाडलं, सेलेनियम-८२ मध्ये. न्यूट्रिनोविरहित क्षय आजपर्यंत कुणालाही दिसलेला नाही. दिसला, तर प्रतिद्रव्याची जोडी न लावता द्रव्याचे दोन कण तयार होताना पाहिले असं होईल, आणि विश्वात द्रव्यच का उरलं या प्रश्नाला पहिल्यांदा हातात धरण्यासारखं काही मिळेल.

किती दुर्मीळ? जपानच्या कामलँड-झेनने झेनॉन-१३६ साठी सांगितलेली मर्यादा अशी, की त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू बदलायला लागणारा काळ) ३.८ गुणिले १० चा २६ वा घात इतक्या वर्षांपेक्षा जास्त आहे. जर्मेनियम-७६ साठी इटलीतल्या गेर्डाने १.८ गुणिले १० चा २६ वा घात हा आकडा दिला. विश्वाचं वय १० च्या ११ व्या घातालाही पोहोचत नाही. पातेल्याचा हिशेब करू. अर्धा-पाऊण ग्रॅम कथील-१२४ म्हणजे सुमारे २८ वर २० शून्यं इतके अणू. अर्धायुष्य एकावर २६ शून्यं धरलं, तर त्या पातेल्यात अशी घटना ५० हजार वर्षांत एकदा. जर्मेनियमचा हिशेब जास्त उपयोगी आहे: एक किलो शुद्ध जर्मेनियम-७६ मध्ये सुमारे ८ वर २४ शून्यं इतके अणू. त्याच अर्धायुष्याला टनामागे वर्षाला ५५ घटना. अर्धायुष्य शंभर पटीने मोठं निघालं, तर टनामागे दोन वर्षांत एक.

आता दुसऱ्या बाजूला नाशिकचे बेदाणे ठेवा. एक किलो बेदाण्यात साडेसात ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सेकंदाला ३१ क्षय होतात. म्हणजे बेदाण्याच्या किलोभर पिशवीत सेकंदाला सव्वादोनशेच्या वर. ही पिशवी हातात धरणाऱ्या माणसाच्या अंगात सेकंदाला चार हजारांच्या वर. टनाला वर्षातून एक घटना शोधायची आहे आणि शोधणारा स्वतः सेकंदाला चार हजार वेळा टिकटिकतो आहे. धोका यात काडीचाही नाही, पण गोंगाट प्रचंड आहे.

तरी पोटॅशियम तसं गरीब. त्याची गॅमा रेष, म्हणजे त्याच्या गॅमा किरणांची ठरलेली ऊर्जा, १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, बोलीभाषेत केईव्हीवर, संपते. आपला संकेत, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची मिळून ऊर्जा, त्याच्या वर असतो: जर्मेनियमसाठी २०३९, कथलासाठी २२९२ च्या आसपास, झेनॉनसाठी २४५८, टेल्युरियमसाठी २५२७. खरे वैरी दोन. थोरियमच्या साखळीतलं थॅलियम-२०८, ज्याची गॅमा रेष २६१४ वर आहे आणि तिथून खाली सगळीकडे शिंतोडे उडवते. आणि युरेनियम-रेडियमच्या साखळीतलं बिस्मथ-२१४, जे रेडॉन वायूच्या पाठोपाठ हवेतून कुठेही जाऊन बसतं. बिस्मथ-२१४ ची एक जोरकस रेष २४४८ ला आहे, झेनॉनच्या अगदी दारात. त्याची दुसरी, क्षीण रेष २२९३ ला आहे. कथील-१२४ चा संकेत जिथे दिसायला हवा तिथेच, एका केईव्हीच्या अंतरावर. डिटेक्टर कितीही बारीक वाचणारा असो, एवढा फरक त्याला ओळखू येणार नाही. भारताने निवडलेल्या समस्थानिकाचं, म्हणजे कथलाच्या या जातीचं, हे वैगुण्य मोठमोठ्या आराखड्यांच्या चर्चेत फारसं पुढे येत नाही. त्यावर उपाय एकच: आजूबाजूला रेडियम आणि रेडॉन जवळपास नकोच.

हे ‘नकोच’ प्रत्यक्षात कसं फसतं याचा एक नमुना अंबड-सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये बघता येईल. स्टेनलेसची टाकी, मग ती वायनरीची असो की दूध संघाची, आर्गन वेल्डिंगने जोडतात. त्यातली टंगस्टनची कांडी लाल टोकाची असेल तर तिच्यात दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, चाप स्थिर राहावा म्हणून मुद्दाम घातलेलं. ती कांडी दगडावर घासून टोकदार करताना उडालेली धूळ आणि वेल्डमध्ये राहिलेला अंश टाकीला काहीच करत नाही, वाइनलाही नाही. पण तशाच वेल्डिंगने डिटेक्टरची टाकी जोडली, तर थोरियम आपण स्वतःच्या हाताने आत शिवून ठेवलं आणि पुढची दहा वर्षं २६१४ ची रेष बघत बसायचं. उपाय फुकटात आहे: करड्या टोकाची सेरियमवाली किंवा सोनेरी टोकाची लँथनमवाली कांडी वापरायची आणि तिच्यासाठी घासायचा दगड वेगळा ठेवायचा. दगड वेगळा ठेवायचा राहून गेला, तर कांडी बदलूनही उपयोग नाही. जुन्या घासणीतली लाल कांडीची धूळ नव्या कांडीवर चढते. असे शेकडो तपशील असतात आणि एकही भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नसतो.

शिशाचंही तेच. गॅमा अडवायला शिशाची भिंत लागते, पण ताज्या शिशातच शिसं-२१० असतं, अर्धायुष्य २२ वर्षं. म्हणून इटलीच्या कुओरे प्रयोगाने सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातल्या शिशाच्या विटा आतल्या कवचाला वापरल्या. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरात लेणी कोरायला सुरुवात झाली, साधारण त्याच काळातलं ते शिसं. दोन हजार वर्षांत शिसं-२१० ची नव्वदेक अर्धायुष्यं उलटली, काही शिल्लक राहिलं नाही. विटांवरचे कोरीव शिक्के कापून पुरातत्त्वाकडे दिले आणि उरलेलं वितळवलं. ते योग्य की अयोग्य यावर पुरातत्त्ववाले आजही भांडतात, आणि भांडायलाच हवं.

स्वच्छतेचा हा आग्रह छांदिष्टपणा वाटू नये म्हणून गणिताचा एक नियम सांगायला हवा. संकेताच्या खिडकीत गोंगाट शून्य असेल, तर दुप्पट माल किंवा दुप्पट वर्षं म्हणजे दुप्पट पोहोच. गोंगाट असेल, तर पोहोच फक्त वर्गमुळाने वाढते: दुप्पट पोहोचेला चौपट खर्च, दसपट पोहोचेला शंभरपट. म्हणजे गलिच्छ टन हा स्वच्छ शंभर किलोंपुढे हरू शकतो. २००१ मध्ये हायडेलबर्ग-मॉस्को प्रयोगातल्या एका गटाने जर्मेनियममध्ये न्यूट्रिनोविरहित क्षय दिसल्याचा दावा केला. त्याच प्रयोगातले बाकीचे सहकारी सहमत नव्हते. वाद बारा वर्षं चालला. २०१३ मध्ये गेर्डाने दुसऱ्या मांडणीने, जर्मेनियम थेट द्रव आर्गनमध्ये लटकवून आणि संकेताची खिडकी शेवटपर्यंत स्वतःपासूनच झाकून ठेवून, तो दावा खोडला. एका रेषेजवळच्या गोंगाटाचं मोजमाप पक्कं नसेल तर काय होतं, याचं हे महागडं उदाहरण.

आता भारताकडे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सव्वादोन किलोमीटर खाली १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक झाली. २००१ मध्ये खाण बंद पडली, पंप थांबले, पाणी भरलं. तशी खोली पुन्हा खणायची तर काय किंमत पडते ते आता कळतं आहे. त्यानंतरचा आयएनओ, म्हणजे भारतातल्या न्यूट्रिनो वेधशाळेचा, प्रकल्प आधी निलगिरीत, मग थेनी जिल्ह्यातल्या बोडीच्या डोंगरात. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १५०० कोटींना मंजुरी दिली. मुख्य यंत्र ५० हजार टनांचं, चुंबकित लोखंडाचं, वातावरणातल्या न्यूट्रिनोंसाठी. २०१७ मध्ये हरित लवादाने पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवली, २०१८ मध्ये केंद्राने नवी दिली, आणि २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात हा डोंगर देणार नाही असं सांगितलं. पश्चिम घाट, वाघांचा मार्ग, पाण्याचे स्रोत हे आक्षेप पोकळ नव्हते. अणुकचरा पुरणार ही भीती मात्र पोकळ होती, आणि ती वेळेत दूर करायचं काम प्रकल्पवाल्यांचं होतं. ते झालं नाही. नाशिक जिल्ह्याला याचा उलटा अनुभव आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं कोबाल्ट-६० वर चालणारं कांद्या-आंब्याचं विकिरण केंद्र उभं आहे, आणि तिथे खराखुरा तीव्र स्रोत असूनही बाजार समिती नेहमीसारखी चालते. न्यूट्रिनोच्या गुहेत तर स्रोतच नसतो, उलट असलेला प्रत्येक कण बाहेर हाकलायचा असतो.

आमची तक्रार वेगळी आहे. कथलाचा प्रयोग, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिन.टिन’, या ५० हजार टनांच्या घरात भाडेकरू म्हणून ठेवला गेला. घर बांधलं गेलं नाही आणि भाडेकरू बाहेर राहिला. त्याला लागत होती एक दिवाणखान्याएवढी खोली.

त्या प्रयोगात काय हुशारी आहे आणि काय दुखणं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. कथील ३.७ केल्विनखाली अतिवाहक होतं. त्याहून खूप खाली, १० मिलिकेल्विनला, त्याची उष्णता धरायची क्षमता इतकी घटते, की एका अणूच्या क्षयातून निघालेली २.३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा एक किलो कथलाचं तापमान मिलिकेल्विनच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास वाढवते. तेवढी वाढ जर्मेनियमच्या बारीक चिपने वाचता येते. या चिप तयार करायला जर्मेनियमच्या चकत्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉनखाली ठेवल्या गेल्या, म्हणजे त्यातले काही अणू गॅलियम आणि आर्सेनिक होतात आणि मिसळ सगळीकडे सारखी होते. कुलाब्यात यासाठी १० मिलिकेल्विनखाली जाणारा शीतक चालवला जातो. हे सगळं देशात झालेलं, खरं काम आहे.

दुखणं कथलाच्या स्वभावात आहे. १३ अंश सेल्सियसखाली पांढरं कथील हळूहळू करडं होऊन भुकटी होऊ लागतं. निफाडला थंडीत पारा पाच अंशांखाली जातो तरी कल्हई झडत नाही, कारण त्या तापमानाला हा बदल फार मंद असतो आणि बाजारातल्या कथलातली शिसं-अँटिमनीची भेसळ त्याला रोखते. पण डिटेक्टरला भेसळ नको, आणि कथील जितकं शुद्ध तितका हा रोग लवकर. सारखं थंड-गरम करत राहिलं तर ठोकळा आतून फुटतो. उपाय म्हणून त्यात किंचित बिस्मथ घालायचं, म्हणजे आधी सगळी अशुद्धी काढायची आणि मग एक अशुद्धी, तीही अतिशुद्ध, मोजून परत घालायची. नैसर्गिक बिस्मथ-२०९ जवळपास स्थिर असल्यामुळे ते चालतं, वर सांगितलेलं बिस्मथ-२१४ वेगळं. किती बिस्मथ पुरेसं, त्याने उष्णतेचं वाचन किती बिघडतं, त्या बिस्मथसोबत रेडियमचा किती अंश आत आला: यातला शेवटचा प्रश्न सुटल्याशिवाय टनाच्या गप्पा व्यर्थ. आणि तो सुटतो मोजणीच्या खोलीत.

मोजणीची खोली म्हणजे काय? एक अतिशुद्ध जर्मेनियमचा गॅमा डिटेक्टर, भोवती १० ते १५ सेंटिमीटर शिसं, त्याच्या आत पाचेक सेंटिमीटर तांबं, आतली हवा सतत नायट्रोजनने ढकललेली म्हणजे रेडॉन टिकत नाही. नमुना किलोभर, हवाबंद डब्यात तीन आठवडे ठेवायचा, कारण रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस आणि तो आपल्या मूळ रेडियमशी तोल साधेपर्यंत मोजलेला आकडा खोटा कमी येतो. विद्यार्थी इथेच घाई करतात. मग दोन ते चार आठवडे मोजणी. एवढं करून कळतं, की हे कथील, हा स्क्रू, हा रबरी वॉशर चालेल की फेकायचा. बहुतेक वेळा फेकायचाच निघतो. दोन-तीन हजार सुट्या भागांच्या डिटेक्टरला असा एकच काउंटर असेल तर हिशेब आपणच करावा, इथे अशा काउंटरांची फौज लागते.

ही खोली जमिनीवर काही अंशी चालते, पण वरून वैश्विक किरणांचे म्यूऑन नावाचे कण येतात, तळहातावर सेकंदाला एक-दीड. डोक्यावर खडक हवा. इथे ग्रान सास्सोकडे पाहावं. इटलीतली ही जगातली सर्वांत प्रसिद्ध भूमिगत प्रयोगशाळा खास डोंगर पोखरून केलेली नाही. ए२४ महामार्गाचा बोगदा चाललाच होता, त्याच्या शेजारी दालनं खोदून घेतली. फ्रान्समधली मोदान प्रयोगशाळा फ्रेज्युस रस्त्याच्या बोगद्यालगत आहे, स्पेनची कानफ्रांक जुन्या रेल्वे बोगद्यालगत. यंत्रसामग्री ट्रकमधून थेट दारात उतरते. आपण समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ जवळपास ८ किलोमीटरचे जुळे बोगदे केले, २०२५ मध्ये ते वाहतुकीला खुले झाले, आणि खोदाई चालू असताना बाजूची एक खोली मागायला कुणी गेलं नाही. कसारा घाटात तिसऱ्या-चौथ्या रेल्वेमार्गाचा आणि त्याच्या लांब बोगद्यांचा विषय अनेक वर्षं चर्चेत आहे. मागायची वेळ आराखड्याच्या टप्प्यावर असते.

इथे प्रामाणिक राहायला हवं. सह्याद्रीच्या बोगद्यांवर ग्रान सास्सोसारखा १४०० मीटर खडक नाही. दीड-दोनशे मीटर बसाल्टने म्यूऑन शेकडो पटींनी घटतील, तिथे लाखो पटींनी घटतात. म्हणून शेवटचा, टनाचा प्रयोग सह्याद्रीत होणार नाही, आणि तो होईल असं सांगून निधी मागणं फसवणूक ठरेल. कळसूबाईकडे बोट दाखवणाऱ्यांनीही थांबावं, ते अभयारण्य आहे, आणि बोडीचा धडा ताजा आहे. जास्त खोलीसाठी हिमालयातले बोगदे किंवा झारखंडमधल्या जादूगुड्याची ५५५ मीटरवरची प्रयोगशाळा आहेत. पण मोजणीच्या खोलीला, तांबं वाढवायला आणि कथील साठवायला सह्याद्री पुरेसा आहे, किंबहुना एका बाबतीत सरस. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दशलक्षात तीन-चार भाग आणि थोरियम त्याच्या चौपट-पाचपट असतं. दख्खनच्या बसाल्टमध्ये युरेनियम एक भागाच्याही खाली. खडक जन्मतः गप्प आहे.

तो बोलका करायचं काम आपण करतो. बोगद्याच्या भिंतीवर शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट) मारतात. त्यातल्या सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेली असते, आणि कोळसा जळून गेल्यावर त्यातलं युरेनियम-थोरियम राखेतच उरतं. एकलहऱ्याच्या राखेचं सिमेंट घर बांधायला उत्तम आहे, त्यात वावगं काही नाही. पण या एका खोलीला राखविरहित सिमेंट आणि धुतलेली बसाल्टची खडीच हवी, नाहीतर भिंतच डोंगरापेक्षा जास्त किरणोत्सारी होते. आणि पाणी. इगतपुरीचा पाऊस बसाल्टच्या भेगांतून आत येतो आणि रेडॉन घेऊन येतो. भिंतीमागे निचऱ्याची नळी आणि खोलीला बाहेरच्या स्वच्छ हवेचा दाब हवा, म्हणजे हवा आतून बाहेर जाते, उलट नाही.

पाण्याची एक दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. ग्रान सास्सोच्या डोंगरातून आसपासच्या गावांना पिण्याचं पाणी जातं, आणि २००२ मध्ये तिथल्या एका प्रयोगातून सेंद्रिय द्रव सांडून पाण्यात गेला. लोक संतापले, न्यायालयं मध्ये पडली, प्रयोग रखडले. दारणा, मुकणे, भावली, वैतरणा ही सगळी धरणं याच पट्ट्यात आहेत, नाशिक आणि मुंबई त्यांवर जगतात. तेव्हा अट पहिल्या दिवशीच लिहून द्यावी: इथे द्रव सिंटिलेटर, म्हणजे कण आदळला की चमकणारा सेंद्रिय द्रव, येणार नाही, एक लिटरही नाही. फक्त घन पदार्थ, आणि थंड करायला द्रव नायट्रोजन, जो सांडला तर हवेत जातो (बंद जागेत तो प्राणवायू ढकलून माणसाला गुदमरवतो, म्हणून ऑक्सिजन मापक हवाच).

तांब्याबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. पण डिटेक्टरला लागणारं तांबं बाजारात मिळत नाही, ते वाढवावं लागतं. अमेरिकेतल्या मायोराना डेमॉन्स्ट्रेटर प्रयोगाने जमिनीखाली, स्टेनलेसच्या दंडगोलावर, कॉपर सल्फेटच्या टाकीत हळूहळू तांबं चढवलं. सेंटिमीटरभर जाडीला वर्षाच्या आसपास. प्लेटिंगवाल्याला हे ऐकून हसू येईल, त्याचं काम मिनिटांत असतं. पण वेग वाढवला की गाठी उठतात आणि गाठींत घाण अडकते. चमक आणणारी सेंद्रिय रसायनं टाकीत चालत नाहीत, तीच अशुद्धी होतात. आणि हे जमिनीवर करता येत नाही, कारण वैश्विक किरण तांब्यात कोबाल्ट-६० तयार करतात, अर्धायुष्य सव्वापाच वर्षं. शेवटी सौम्य गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवायचं, मग सायट्रिक आम्लात बुडवायचं म्हणजे पृष्ठभाग काळवंडत नाही. चिंच-लिंबाने तांबं घासणाऱ्या घरांना ही शेवटची पायरी ओळखीची वाटेल. हे कौशल्य पीएचडीचं कमी आणि कारागिराचं जास्त आहे. औद्योगिक वसाहतीतल्या चार चांगल्या प्लेटिंगवाल्यांना दोन वर्षं यात गुंतवणं हे दहा परिषदांपेक्षा स्वस्त पडेल.

कांद्याला भाव नाही आणि हे कसले कण शोधता, हा प्रश्न रास्त आहे. त्याला ‘इंटरनेटही असंच निघालं’ हे ठरीव उत्तर देऊ नये. सरळ उत्तर असं: या शोधातून शेतकऱ्याला काही मिळणार नाही. मोजणीच्या खोलीतून मात्र मिळू शकतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं, की मेमरी चिपमधले बिट आपोआप पालटतात, कारण वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमचे अल्फा कण. आजही चिप जोडायच्या कथलाच्या डाखाला कमी-अल्फा दर्जा लागतो. देशात चिपचे कारखाने उभे राहत असताना हे कथील शुद्ध करून मोजून देणारी प्रयोगशाळा आपल्याकडे किती आहेत, हे विचारावं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० सापडलं तेव्हा एकाचा जीव गेला. भंगारावर चालणाऱ्या पोलाद भट्ट्यांचा माल मोजून द्यायलाही हेच काउंटर लागतात.

विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा तिसराच आहे आणि तो आतल्या लोकांकडून येतो. तीन न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम जर साधा (दोन हलके, एक जड) असेल, तर हा क्षय इतका दुर्मीळ ठरू शकतो, की टनाच्या यंत्रालाही दिसणार नाही, न्यूट्रिनो स्वतःचा प्रतिकण असला तरी. क्रम कोणता हे सांगायला चीनचा जूनो प्रयोग २०२५ मध्ये सुरू झाला आहे. शिवाय अर्धायुष्यावरून वस्तुमान काढताना केंद्रकाचं जे गणित लागतं, त्यात वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरं दोन-तीन पटींनी वेगळी येतात. मग भारताने १०-१५ वर्षांनंतर, मागाहून शर्यतीत का उतरावं? टनाच्या शर्यतीत, आत्ता, उतरू नये असंच आमचं म्हणणं आहे. पण संकेत कुणाला एका समस्थानिकात दिसलाच, तर २००१ च्या अनुभवानंतर जग त्यावर विश्वास ठेवणार नाही जोवर तो दुसऱ्या समस्थानिकात, दुसऱ्या ऊर्जेवर दिसत नाही. तेव्हा कथील-१२४ तयार असणाऱ्याला किंमत येईल. तयार म्हणजे शंभर किलो नव्हे. तयार म्हणजे पाच किलो, ज्याच्या प्रत्येक ग्रॅममधलं थोरियम मोजलेलं आहे.

तर पुढच्या घाटबोगद्याच्या निविदेत एक कलम घालता येईल. मुख्य बोगद्याला काटकोनात, सर्वांत जाड खडकाखाली, ३० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आडवी खोली. वाहतुकीपासून दोन दारांनी वेगळी, दोन दारांच्या मध्ये कपडे-जोडे बदलायची जागा. स्वतंत्र हवा, स्वतंत्र निचरा. शॉटक्रीटमध्ये राख नाही, आणि वापरलेल्या प्रत्येक सिमेंट-खडीच्या खेपेतून दोन किलोचा नमुना, तारीख घालून, हवाबंद डब्यात. ते डबे तीन आठवड्यांनी उघडायचे नाहीत, तसेच काउंटरवर ठेवायचे.